अंधारात निवडलेला कॅमेरा

जुना म्हटले की तुम्ही नाक मुरडणार, हे मला ठाऊक आहे मित्रांनो. तरी सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी एक जुना डीएसएलआर कॅमेरा आहे. कोपऱ्यांवरचा रंग उडालेला, पट्टा उसवून पुन्हा शिवलेला. पण सध्या माझ्या अंगात असा काही उत्साह संचारला आहे की विचारू नका. परवाच एका मोठ्या नाट्यगृहाच्या दारावर माणसाच्या दुप्पट उंचीचे पोस्टर लागले, आणि त्यावरचा फोटो मी काढलेला आहे. ज्याचे तुकडे करायचे ठरले होते, तो मी. ही हकीकत तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे धुळीला सक्त मनाई होती. एका बाईंनी चिमट्याने माझ्या पोटात इवलासा आरसा बसवला आणि त्याच्यामागे शटर, म्हणजे एक नाजूक पडदा. बटण दाबले की आरसा टुणकन वर उडतो, पडदा उघडतो, उजेड आत येतो आणि पडदा मिटतो. हे सगळे पापणी लवायच्या आत होते. बाईंनी पहिल्यांदा बटण दाबले आणि कान लावून ऐकले. खट्. शेजारणीला त्या म्हणाल्या, याचा आवाज छान आहे. ती माझी पहिली शाबासकी. मी इतका हुरळून गेलो की डोंगर, समुद्र आणि वाघ आता मीच टिपणार, असे ठरवूनच खोक्यात शिरलो.

खोके उघडले तेव्हा समोर वाघ नव्हता, दाढ होती.

मला एका दातांच्या डॉक्टरांनी घेतले होते. माणूस फार चांगला, पण त्यांच्याकडे मी जे पाहिले ते सगळे तोंडाच्या आत. किडलेल्या दाढा, वाकडे सुळे, नव्या कवळ्या. लोक मला बघून 'आ' करत आणि मी खट् करत असे. डॉक्टर कधी म्हणत, 'वा, काय स्पष्ट आली आहे दाढ.' कौतुक कोणाला नको असते? मीही फुशारून जाई. पुढे त्यांनी नवीन कॅमेरा आणला, माझी लेन्स काढून त्याला लावली आणि मला कपाटात ठेवून दिले. लेन्स नाही म्हणजे डोळाच नाही. कपाटात ओल होती. माझ्या अंगावरचे रबर चिकट होऊन सुटू लागले, आणि कोणी दार उघडले तरी ते पट्टीसाठी किंवा कात्रीसाठी. त्या दिवसांबद्दल मी जास्त बोलत नाही. पुढे डॉक्टरांनी कपाट आवरले आणि मी जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात येऊन पडलो.

दुकान लहान होते, पण टापटीप. वरच्या काचेच्या फळीवर नवे कोरे कॅमेरे मिरवत बसलेले, आणि सगळ्यात खाली, गिऱ्हाइकाच्या गुडघ्यापाशी, आम्ही जुने. दुकानाच्या मालकीणबाई तोंडाच्या फटकळ होत्या, मनाने नाही. मला खरी भीती मिस्त्रींची होती. मागच्या टेबलावर ते दुरुस्तीचे काम करत. त्यांच्याकडे माझ्याच जातीचा एक कॅमेरा आला होता, त्याचा पडदा फाटला होता. एके सकाळी त्यांनी मला उचलले, खट् खट् करून पाहिले आणि मालकीणबाईंना म्हणाले, 'याचं शटर ठणठणीत आहे. आज कोणी नेला नाही, तर संध्याकाळी खोलतो. शटर तिकडे बसवू, बाकीचं सुट्या भागांत.'

सुट्या भागांत! माझे धाबे दणाणले. बाईंनी बरे म्हणून मान हलवली आणि चहा मागवला.

मग दार ढकलून तिघे जण आत आले. काळे कपडे, काळे बूट, आणि पुढच्या माणसाच्या कडेवर एक लांब पेटी. हे काका. त्यांच्यामागे त्यांची वहिनी, आणि तिच्यामागे तिची मुलगी. या मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण तिचे पाय एका जागी ठरत नसत. ती नुकतीच कॉलेजातून बाहेर पडली होती. दुकानात पाऊल टाकल्यापासून तिने तीन फळ्या पालथ्या घातल्या आणि कोपऱ्यातला ट्रायपॉड पाडला.

हे कुटुंब बाहुल्यांचे खेळ करत असे. त्यांची मुख्य बाहुली पेटीत होती. म्हातारबा तिचे नाव. लाकडी चेहरा, कापसाच्या मिशा आणि काचेचे डोळे. एकट्या म्हातारबाला तिघे मिळून चालवत. डोके आणि उजवा हात काकांकडे, डावा हात भिंगरीकडे, पाय आईकडे. तिघेही काळ्या टोप्या चेहऱ्यावर ओढून अंधारात उभे राहत, म्हणजे प्रेक्षकांना फक्त म्हातारबा दिसावा.

त्यांची अडचण आईंनी मालकीणबाईंना सांगितली. शहरातल्या मोठ्या नाट्यगृहाने त्यांचा खेळ घ्यायची तयारी दाखवली होती. तिथे खेळ लागला की वर्षभराची चिंता मिटणार होती. पण पोस्टरसाठी फोटो हवा होता. ओळखीच्या कोणीतरी फ्लॅश मारून फोटो काढून दिला. फ्लॅश पडला आणि अंधारात लपलेले तिघे बुरखेवाले लख्ख उजळून निघाले, गरीब म्हातारबाला घेरून उभे. तो फोटो बघून नाट्यगृहाच्या व्यवस्थापकबाई म्हणाल्या होत्या, 'हे पोस्टर लावलं तर मुलं येणार नाहीत, पोलीस येतील.' फोनवर काढले तर म्हातारबाचा नुसता धूर दिसे. फोटो आज रात्रीपर्यंत धाडायचा होता. खेळांतून बाजूला टाकत टाकत जमवलेल्या पैशांत कॅमेरा एकदाच घेता येणार होता, चुकला तर दुसरा नाही.

काकांची नजर आल्या आल्या वरच्या फळीवर गेली. तिथे एक चकचकीत नवा कॅमेरा होता. सोबत लांब झूम लेन्स, बॅग फुकट, आणि खोक्यावर मेगापिक्सेलचा भलामोठा आकडा. काका त्या आकड्यावरच भाळले. मालकीणबाईंनी समजावले की आकडा मोठा असला की फोटो मोठा छापता येतो, पण अंधारात दिसायला लागतो तो उजेड, आणि या झूमच्या तोंडातून उजेड बेताचाच आत जातो. तेवढ्याच पैशांत जुना कॅमेरा घ्या आणि उरलेल्यात चांगली लेन्स घ्या, असे म्हणत त्या खाली वाकल्या. त्यांचा हात माझ्यावर पडला.

कपाटातल्या अंधारानंतर पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या तोंडाला लेन्स लावली. पन्नास मिलिमीटरची म्हणतात ती, आखूड, साधी, झूम वगैरे काही नाही. पण तिचे तोंड मोठे, उजेड भसाभसा आत घेणारे. मित्रांनो, मला दिसू लागले! समोर भिंगरीचे नाक होते. दाढेपेक्षा कितीतरी छान.

'दिवे घालवता का?' भिंगरीने विचारले. 'आमचा खेळ अंधारात असतो. अंधारातच बघून घेऊ.'

असे गिऱ्हाईक बाईंनी कधी पाहिले नव्हते. पण त्यांनी दुकानाचे शटर अर्धे ओढले आणि दिवे मालवले. फक्त मिस्त्रींच्या टेबलावरचा दिवा राहिला, आणि त्याच्या उजेडात त्यांची स्क्रूंची बरणी. काकांनी आणि आईंनी टोप्या ओढल्या, म्हातारबाला पेटीतून बाहेर काढले, आईंनी पाय धरले, आणि काय सांगू, काकांचा हात मानेत गेल्याबरोबर ते लाकूड जिवंत झाले. म्हातारबाने दुकानभर नजर फिरवली. मिस्त्रींनी नकळत त्याला मान लवून नमस्कार केला.

आधी नव्याची पाळी. फ्लॅश बंद करून भिंगरीने फोटो काढला. त्याच्या पाठीवरच्या पडद्यावर काळोख, आणि त्यात पांढरट धूर. मग माझी पाळी. मी जीव एकवटला. आरसा उडाला, पडदा उघडला, खट्. फोटो उजळ आला होता, पण म्हातारबाचा चेहरा पुसल्यासारखा. मिशी कुठे संपते आणि हनुवटी कुठे सुरू होते, पत्ता नाही. पुन्हा काढला, पुन्हा तेच.

'बाहुली हलवू नका ना,' मालकीणबाई म्हणाल्या.

'मी कुठे हलवतोय?' काका म्हणाले. 'दगडासारखा उभा आहे.'

आणि ते मनापासून सांगत होते. आणखी दोनचार फोटो झाले, सगळे तसेच. शेवटी काकांनी सुस्कारा सोडला. हा कॅमेरा पण हलतोच, जुना तो जुनाच, दुसरे दुकान बघू, असे ते वहिनीला म्हणाले. आईंनी पेटीचे झाकण धरले. मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हर पुसायला घेतला. मला ओरडून सांगावेसे वाटत होते की अहो, दोष माझा नाही. पण कॅमेऱ्याला बोलता येत नाही, त्याला फक्त दाखवता येते. आणि मी दाखवलेले कोणीतरी नीट बघावे, एवढीच माझी आस होती.

भिंगरीने ते बघितले. सगळे फोटो ती पुन्हा मागे-पुढे करून पाहत होती. मग मला डोळ्यांजवळ आणून म्हणाली, 'आई, हे बघ. मागची बरणी अगदी स्वच्छ आली आहे. तिच्यावरची अक्षरंसुद्धा वाचता येतात. कॅमेरा हलला असता तर बरणीही हलली असती.' ती वळली आणि काकांच्या हाताकडे बघत राहिली. 'काका, तुम्ही याला श्वास घ्यायला लावताय.'

काकांनी आपल्या मनगटाकडे पाहिले. खरेच, म्हातारबाची छाती हळूच वर जात होती आणि खाली येत होती. या घराचा नियमच तो होता. बाहुली हातात असेपर्यंत तिचा श्वास थांबू द्यायचा नाही. काकांच्या हातात तो इतका मुरला होता की त्यांना स्वतःलाही कळत नसे.

मालकीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, मग थांबवा की जरा वेळ.

'थांबवू?' काका गंभीरपणे म्हणाले. 'म्हणजे मारून टाकू याला?'

त्यांनी थांबवून पाहिलाही. म्हातारबाची मान तशीच होती, मिशा त्याच होत्या, पण समोर नुसता ओंडका राहिला. तो फोटो मीच काढला आणि मलाच नको वाटला.

'थांबवू नका,' भिंगरी म्हणाली. 'घेऊ दे त्याला श्वास. मला माहीत आहे कुठे धरायचं ते.'

तिला माहीत असणारच. म्हातारबाचा डावा हात तिच्याकडे होता. श्वास पुरता वर गेला की उलटायच्या आधी क्षणभर ठरतो, आणि त्याच क्षणी डावा हात उचलायचा, हे ती लहानपणापासून करत आली होती. तिने मला डोळ्याला लावले, कोपर पोटाशी घट्ट घेतले, आणि जिला कोणी कधी एका जागी उभे पाहिले नव्हते ती भिंगरी गप्प उभी राहिली. म्हातारबाने श्वास घेतला, तिनेही घेतला. त्याची छाती वर गेली, तिचे बोट बटणावर टेकले, माझा आरसा ताणून बसला. श्वास ठरला.

खट्.

त्या एका खट्साठी मी कारखान्यातून निघालो होतो, असे मला वाटले.

भिंगरीने मला काकांसमोर धरले. माझ्या पाठीवरच्या पडद्यावर काळाकुट्ट अंधार होता आणि त्या अंधारात म्हातारबा. मिशीचा केस न् केस वेगळा, डोळ्यांत दिव्याचा एक ठिपका, आणि ओठांवर आता काहीतरी बोलेल असा भाव. मागे उभे असलेले काका आणि आई कुठेही दिसत नव्हते.

काका कितीतरी वेळ बघत राहिले. आईंनी विचारले, आवडला नाही का? तेव्हा ते म्हणाले, 'वहिनी, मी याला असा कधी बघितलाच नाही. मी कायम याच्या मानेमागे. समोरून बघतो तेव्हा हा पेटीत असतो, निजलेला.' त्यांनी काळ्या टोपीने डोळे पुसले. 'हा जिवंत असतो तेव्हा असा दिसतो होय.'

मग मिस्त्री उठले. मला वाटले, आता आला स्क्रू-ड्रायव्हर. पण त्यांनी मला उलटे केले, सुटलेले रबर सोलून टाकले आणि नवे रबर डकवले. आईंनी माझे आणि लेन्सचे पैसे मोजले आणि रबराचे किती, असे विचारले, तेव्हा ते, 'राहू द्या,' इतकेच म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला.

फोटो वेळेत गेला. उत्तर दुसऱ्या दिवशी आले, आणि भिंगरीने घरभर अशी काही धाव घेतली की पेटीला ठेचकाळली. परवा लागलेल्या पोस्टरबद्दल मी तुम्हाला सांगितलेच आहे. लहान मुले त्याच्यापुढे थांबतात आणि म्हातारबाकडे बघून हात हलवतात. मी भिंगरीच्या गळ्यात असतो आणि सगळे ऐकतो.

तेव्हा मित्रांनो, तुम्ही कधी पहिला कॅमेरा घ्यायला गेलात, तर खोक्यावरच्या आकड्याला लगेच भुलू नका. जे टिपायचे आहे ते शक्य असेल तर सोबत न्या, आणि जिथे टिपायचे आहे तसाच उजेड किंवा अंधार दुकानात करून बघा. खालच्या फळीवरही एकदा वाका. फोटो बिघडला तर कॅमेऱ्याला बोल लावण्याआधी मागची बरणी बघा. आणि घेतलात की त्याला धुळीपासून जपा, ओलीपासून जपा, पण जपायचे म्हणून कपाटात कोंडू नका. कपाटात आम्ही झिजत नाही हे खरे, पण आम्ही तिथे काही बघतही नाही.

माझी आता काळजी नाही. खेळ संपला की काका म्हातारबाला पेटीत निजवतात. झाकण लावण्याआधी त्याच्या छातीवर हात ठेवून एक शेवटचा श्वास घ्यायला लावतात. मग माझ्याकडे बोट दाखवून भिंगरीला म्हणतात, 'त्याचाही बघ.' त्या दिवशी फोटो काढायचा नसला तरी ती मला हातात घेते आणि एकदा बटण दाबते.

खट्.