एकशे ब्याण्णव किलो

ताप आधी मला आला. तालमीत आम्ही अकरा सुमो पैलवान एकाच खोलीत झोपतो, त्यामुळे दोन दिवसांत तो इवागाकीलाही आला. मी त्र्याण्णव किलोचा, तालमीतला सगळ्यात हडकुळा. दहा वर्षं खालच्याच वर्गात सडतोय. इवागाकी एकशे ब्याण्णवचा. वस्तादांची सगळी भिस्त त्याच्यावर.

मी चार दिवसांत उठलो. तो सहाव्या दिवशीही धापा टाकत होता.

"हा काटकुळा उठला आणि तुला अंथरूण सुटेना?" वस्ताद खेकसले. "एवढं खाऊ घातलं ते कशाला? स्पर्धा आठ दिवसांवर आलीय. चल, रिंगणात!"

आमच्याकडे वजन म्हणजे ताकद. ती तापालाही पुरून उरणार, यात कुणालाच शंका नव्हती. मलाही नव्हती. खरं सांगतो, मला आनंदच झाला होता. जन्मात पहिल्यांदा मी त्याच्यापेक्षा दणकट ठरलो होतो.

मी छाती पुढे करून उभं राहायचं आणि त्याने मला ढकलत रिंगणापार न्यायचं, हा रोजचा सराव. एरवी तो मला पाचोळ्यासारखा उडवायचा. त्या सकाळी त्याचं डोकं माझ्या छातीवर आदळलं आणि तिथंच टेकून राहिलं. मी त्याची मान धरून त्याला मातीत आपटलं.

"ऊठ!"

तो उठला, धडकला, पडला. सातव्यांदा उताणा पडला तो पडलाच. वस्तादांनी रिंगण पवित्र करायला ठेवलेलं मूठभर मीठ त्याच्या तोंडात कोंबलं आणि बांबू माझ्या हाती दिला.

"दादा, श्वास पुरत नाहीये," तो मला म्हणाला.

"नाटकं करतोस? मला काय ताप नव्हता?"

मी हाणला. मांड्यांवर, खांद्यांवर. मार चुकवायला तो कसाबसा हातापायांवर आला, पोट खाली लोंबलं, तेव्हा मी पाठ झोडली. कातडी फुटली, रक्त मातीत ठिबकलं. आणि त्याचा श्वास जरा मोकळा झाला.

"बघा वस्ताद!" मी ओरडलो. "मार बसला की बरोबर श्वास येतो!"

सगळे हसले.

मग त्याला जेवायला बसवलं. तापात अंगात बळ हवं म्हणून चार वाडगे भात कोंबला. जेवल्यावर वजन वाढावं म्हणून आम्ही दुपारी झोपतो, तसं त्यालाही माडीवर नेऊन आडवं केलं. उताणं. तासाभराने पाहिलं तर ओठ जांभळे पडले होते. अरुंद जिन्यावरून खाली आणताना तो आमच्या हातून दोनदा निसटला.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी वजन विचारलं.

"एकशे ब्याण्णव!" मी सवयीने छाती फुगवून सांगितलं.

त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. "असा ताप जड माणसाला जास्त छळतो. फुप्फुसं आधीच भरलेली, त्यात उताणं झोपवलं की पोट छातीवर चढतं. हे कुणी सांगितलं नाही तुम्हाला? एवढ्या उशिरा आणल्यावर आम्ही काय करायचं? गेला तो." मग म्हणाल्या, "आणि पाठीवर हे वळ कसले?"

"सरावात पडला," वस्ताद वाकून म्हणाले.

"मी मारलं," मी म्हणालो. "त्याला श्वास येत नव्हता आणि मी मारत होतो."

वस्तादांची मूठ माझ्या तोंडावर बसली. दात तुटला. मी फरशीवर आदळलो, रक्त थुंकलं आणि लगेच उठून उभा राहिलो. धापसुद्धा लागली नव्हती.