खड्डा क्रमांक चार

केशरबाईंनी काठवट ओढ्याच्या पाण्यात तिरकी धरून हलका हिसका दिला. लाल गढूळ पाणी वाहून गेलं. दुसऱ्या हिसक्याला वाळू गेली. तिसऱ्याला लाकडी तळाशी उरली एक काळी रेघ, आणि त्या रेघेत काहीतरी पिवळं.

तेजस्विनी तिथेच पाण्यात बसली. कपडे भिजल्याचं तिला नंतर कळलं.

*वही. खड्डा ४. खोली अर्धा मीटर. लाल माती, गारगोटीचे तुकडे. सोन्याचे कण: अकरा.*

अकरा हा आकडा तिने दोनदा गिरवला. टेकडीच्या पायथ्याशी दोन महिन्यांत तीन खड्डे झाले होते आणि तिन्हींपुढे शून्य होतं. भूगर्भ खात्याच्या नागपूरच्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं, शुक्रवारपर्यंत चौथ्यातही काही निघालं नाही तर तंबू गुंडाळा. सोनं शोधायची तेजस्विनीची ही पहिलीच मोहीम. ती फसली तर पुढे ऑफिसातलं टेबल होतं आणि दुसऱ्यांनी आणलेल्या मातीचे तक्ते.

आज गुरुवार होता.

खड्डा होता पुंडलिकरावांच्या बरड वावरात. ते धापा टाकत आले. एका पायात चप्पल होती.

"मॅडम, सोन्याचा भाव काय चालू हाय?"

"काका, आधी तपासणी तर होऊ द्या."

"होऊ द्या ना. मी कुठं घाई करून राहिलो? नुसतं विचारलं."

तेजस्विनीने फोन काढला. केशरबाई मात्र अजून काठवट उन्हाकडे धरून बसल्या होत्या. सोनझाऱ्यांच्या घरच्या. नदीची वाळू धुवायची, आणि पावसाळ्यात नदी भरली की सोनारांच्या दुकानांपुढची माती.

"फोन नको लावू, बाई."

"का?"

"हे कानशीचं सोनं हाय." त्यांनी ओलं बोट पुढे केलं. बोटावर एक कण होता, केसासारखा बारीक, टोकाला वळलेला. "जमिनीतला असा वळत नाही. हा कीस हाय. सोनारानं घासलेला."

तेजस्विनीने भिंगातून पाहिलं. पुन्हा पाहिलं. मग मान वर करून पुंडलिकरावांकडे.

"माया तोंडाकडं काहून पाहून राहिल्या? मायाजवळ सोनं असतं तं दोन चपला घालून आलो असतो."

"मी टाकलं," मागून आवाज आला. पुंडलिकरावांची बायको धुरपताबाई चहाची किटली घेऊन काठावर उभ्या होत्या. आवाजात चोरी अजिबात नव्हती. "वावर उघडून राहिले ना तुमी? जमिनीच्या पोटातून घ्याचं तं आधी तिच्या तोंडात काही द्या लागते. विहीर खोदली तवाबी देल्लं होतं. तुमच्या माणसानं चुन्यानं चौकोन आखला, मी पहाटेच मधोमध पुरून आली."

"सोनं?" पुंडलिकराव म्हणाले. "आणलं कुठून?"

"लाखांदूरच्या सोनारानं माया मण्याले कानस मारली, तो कीस. पुडीत बांधून ठेवला होता."

"अन् मले सांगतलं नाही."

"सांगतलं असतं तं तुमी भाव विचारला असता."

पहिल्यांदा केशरबाई हसल्या. काठवट हलली, काळी रेघ थरथरली. तेजस्विनीलाही हसू आलं, आणि मधेच थांबलं.

"मॅडम," पुंडलिकराव हळूच म्हणाले, "साहेबाले काय समजते? अकरा म्हंजे अकरा."

तिने वहीकडे पाहिलं. दोनदा गिरवलेला आकडा खोडायला तीन रेघा लागल्या. मग तिने फोन लावला आणि सगळं सांगितलं, पुडीसकट.

"मग उद्या संध्याकाळी गुंडाळा," साहेब म्हणाले.

चहा झाला. केशरबाईंनी कप खाली ठेवला आणि बोटाने काठवटीतले कण सरकवायला सुरुवात केली. दहा एका बाजूला. एक दुसरीकडे.

"हा यायच्यातला नाही."

"कशावरून?"

"याच्या आंगाले गारगोटी चिकटून हाय. सोनार गारगोटी कायले घासन?"

भिंगाखाली पांढऱ्या दगडाचा कपचा होता आणि त्यात रुतलेला पिवळा ठिपका. तेजस्विनीने श्वास रोखून पाहिलं. पण पुडी मिसळलेल्या मातीतला कण कोणी मानणार नव्हतं. तो नव्या मातीतच सापडायला हवा होता, उद्याच.

"काकू, दहा पावलांवर दुसरा खड्डा घेऊ? फक्त या वेळी जमिनीला काही द्यायचं नाही."

"मंग खोदाचं नाही."

"एकच दिवस उरलाय, काकू."

"जमिनीलेबी एकच तोंड हाय, ते उपाशी कसं ठेवाचं?"

धुरपताबाईंनी पदराने किटली पुसली. पुसायची गरज नव्हती.

"अन् खरंच निघालं तं? वावर जाईन काय?"

"माहीत नाही. जे निघेल ते साहेबांच्या आधी तुम्हाला सांगीन."

"यायच्या आधी?" त्यांनी नवऱ्याकडे हनुवटी उडवली.

"काकांच्याही आधी."

धुरपताबाई टेकडीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "सोनंच द्या लागते असं काही नाही."

*वही. शुक्रवार, सकाळी सहा. खड्डा ५. खोली शून्य. तांदूळ, चिन्नोर वाणाचा, एक मूठ. धुरपताबाईंकडून. नमुन्यात धरू नये.*