बुटांना लावलेलं खोबरेल

श्यामलाने डावा पाय बुटात घातला, उभी राहिली आणि पर्समधून घडी घातलेला कागद काढला.

"टाच चालताना किंचित उचलली गेली तरी चालेल," ती वाचू लागली, "पण पायाची वरची बाजू आवळून धरली पाहिजे. पुढे बोटं हलली पाहिजेत. अहो, इथे जरा दाबून बघता का?"

शशिकांत वाकला नाही. कॉव्हेंट्रीच्या मार्केटमागच्या त्या दुकानात भिंतभर काउबॉय बूट मांडले होते आणि कोऱ्या चामड्याचा वास दाटला होता. तो वास त्याच्या ओळखीचा होता. कोल्हापुरात वडिलांचं चपलांचं दुकान होतं, शाळेची सगळी वर्षं तो तिथल्या गल्ल्यामागे वाढला होता. नुसतं बोट फिरवून चामडं किती वर्षं टिकेल ते त्याला सांगता येई. आणि ही बाई कागद वाचत होती.

"कुणी लिहून दिलंय?" त्याने विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं.

"मोहनने."

मोहनने! मोहनरावांनी नाही, त्या मोहनभाईंनी नाही, सरळ मोहनने. तीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याचं नाव घेतलं ते लग्नातल्या उखाण्यात, आणि या पोस्टातून रिटायर झालेल्या विधुराला ती एकेरीत हाक मारत होती. डान्सच्या क्लासमध्ये सगळे एकमेकांना नावानेच बोलावतात, असं तिचं म्हणणं. असेलही. पण तिने "मोहन म्हणाला" म्हटलं की शशिकांतच्या नाकाला मिरच्या झोंबत.

हे सगळं सुरू झालं गुडघ्यांपासून. जीपीने, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरने, व्यायाम सांगितला आणि लायब्ररीत तिच्याबरोबर काम करणाऱ्या बाईने तिला चर्चच्या हॉलमध्ये लाइन डान्सिंगला नेलं. ओळीत उभं राहायचं, गाण्यावर पावलं टाकायची, वळायचं. कुणी कुणाचा हात धरत नाही, हे तिने न विचारताच सांगितलं होतं. न विचारता का सांगितलं, याचा शशिकांतने आठवडाभर विचार केला होता.

"सोल चामड्याचाच हवा," ती पुढे वाचत होती. "रबराचा जमिनीला चिकटतो आणि वळताना गुडघ्यावर ताण येतो. आणि शिवलेला हवा, चिकटवलेला नको. म्हणजे झिजला तरी बदलून मिळतो."

एकूण एक गोष्ट बरोबर होती. त्यामुळे त्याला आणखीच राग आला.

"पायाची वरची बाजू आवळली पाहिजे म्हणे," तो पुटपुटला. "त्याला काय करायच्यात तुझ्या पायाच्या चौकशा?"

श्यामलाने कागदाची घडी घातली. "तपकिरी घेऊ की काळे?"

"मोहनला फोन कर."

तिने तपकिरी घेतले.

शो दोन आठवड्यांवर होता. हॉस्पिसच्या मदतीसाठी शनिवारी दुपारी कार्यक्रम, आणि श्यामलाला पहिल्या ओळीत उभं केलं होतं. चौपन्नाव्या वर्षी ती आयुष्यात पहिल्यांदा स्टेजसमोर नाही, स्टेजवर असणार होती. घरात पायताण घालायचं नाही हा शशिकांतच्या आईचा नियम इंग्लंडातही चालू होता, म्हणून बूट पायात बसवायला ती मागच्या अंगणातल्या फरशीवर चालायची. एक दोन तीन चार, वळ. किचनच्या खिडकीतून त्याला ती दिसायची. ओठ हलत असायचे आणि चेहरा असा असायचा, की तो त्याने कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता. तो चेहरा आपल्यामुळे झालेला नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

बूट करंगळीपाशी चावत होते.

"जाड मोजे घालून वापरत राहायचं, आपोआप सैल होतात," ती म्हणाली. "मोहन म्हणतो, तेलबिल काही लावायचं नाही."

गुरुवारी ती लायब्ररीत गेली. शशिकांतची सकाळची शिफ्ट होती, दोनला तो घरी आला आणि थिजलेल्या खोबरेलाची बाटली त्याने रेडिएटरवर ठेवली. कोऱ्या कोल्हापुरीला तेल पाजतात हे शेंबडं पोरही सांगेल. पोस्टातल्या माणसाने चामडं शिकवावं? त्याने फडक्यावर तेल घेतलं आणि करंगळीची जागा बोटाने दाबून दाबून मऊ केली. मग टाच, मग घोटा. काम इतकं सुरेख झालं, की क्षणभर त्याचा राग निवळला. तिने आपल्याला विचारलं असतं तर, असं त्याच्या मनात आलं, आणि डोळ्यांसमोर तो कागद आला.

त्याने बूट उलटा केला. फडकं तळव्यावर फिरवलं. कोरडं चामडं तेल पिऊन काळपट झालं. दुसराही तसाच. स्टेजच्या गुळगुळीत फळ्यांवर याचं काय होईल, हे त्याच्याइतकं त्या घरात कुणाला कळत नव्हतं. त्याने बूट पोर्चमध्ये होते तसे ठेवले आणि बराच वेळ साबणाने हात धुतले.

शनिवारी सकाळी श्यामला पोर्चमध्ये बराच वेळ होती. आत आली तेव्हा तिने विचारलं, "काही राहिलंय का हो?"

"काय राहणार?"

गाडीत बसताना तिने परत विचारलं. "काही राहिलं नाही ना?"

"नाही म्हटलं ना."

हॉलच्या दाराशी, पिशवी खांद्याला लावताना, ती पुन्हा थांबली. "बघा हं. काही राहिलं असेल तर आत्ताच."

"जा तू. उशीर होईल," तो म्हणाला.

पडदा उघडला. पहिल्या ओळीत, डावीकडून दुसरी, श्यामला. मोहन शेवटच्या ओळीत होता, टकला, ठेंगणा, स्वतःच्या पावलांकडे बघणारा. शशिकांतने त्याच्याकडे एकदाच पाहिलं. नंतर त्याला फक्त दोन तपकिरी बूट दिसत राहिले. पहिलं वळण येण्याआधी तो खुर्चीतून अर्धा उठला. थांबा म्हणून ओरडावं, असं त्याच्या जिभेवर आलं. मागची बाई "सिट डाउन, लव्ह" म्हणाली आणि तेवढ्यात वळण येऊन गेलंही.

ती घसरली नाही. प्रत्येक पावलाखाली फळीवर पांढरा ठसा उमटत होता. गाणं संपलं तेव्हा तिच्या जागी सगळी जमीन पांढरीफटक झाली होती, आणि ती हसत उभी होती.

चहाच्या टेबलापाशी मोहन स्वतःहून आला.

"शशिकांतराव ना? तुमच्याबद्दल फार ऐकलंय. चामड्यातलं तुमच्याइतकं कुणाला कळत नाही म्हणे. मी म्हटलं, मग मला कशाला लिस्ट मागतेस?"

"काय म्हणाली?"

"म्हणाली, त्यांना विचारलं तर ते बूट घेऊच देणार नाहीत." मोहन हसला.

घरी आल्यावर पोर्चमध्ये श्यामला पायरीवर बसली आणि तिने बूट ओढून काढले. तळवे घासणीने खरवडलेले होते, त्यांच्या चिरांमध्ये रांगोळी भरली होती. दिवाळीतल्या उरलेल्या रांगोळीची पिशवी कोपऱ्यात, छत्र्यांमागे, रिकामी पडली होती.

"करंगळीपाशी छान मऊ झालाय," ती म्हणाली. "अजिबात चावला नाही."

तो उभाच राहिला. "तुला कळलं होतं?"

"खोबरेलाचा वास येतो हो. दार उघडल्या उघडल्या आला."

"मग बोलली का नाहीस?"

तिने दोन्ही बूट जोडून भिंतीशी ठेवले, टोकं बाहेरच्या बाजूला.

"तीनदा विचारलं तुम्हाला," ती म्हणाली, आणि अनवाणी आत गेली.