केरबातात्याच्या गाडीचा काटा

"ओ तात्या! बंद करा ती गाडी! म्हैस पान्हा चोरायली!"

रिकामी बादली हातात धरून रामकिसन कुडावरून ओरडत होता आणि केरबातात्या त्याच्याकडे बघून हसत हसत हात हलवत होते. रामकिसन 'राम राम' घालतोय, अशी त्यांची समजूत. गाडी पहिल्याच गिअरमध्ये किंचाळत गल्लीतून निघाली, कोंबड्या उकिरड्यावर चढल्या, आणि शाळेच्या वळणापर्यंत तो आवाज काही खाली आला नाही. थंडीचे दिवस, उठायची कुणाला घाई नव्हती. सगळ्या गल्लीने अंथरुणातूनच तात्यांचा उद्धार केला. मीही केला, खोटं कशाला बोलू?

केरबातात्यांना ऐकू येत नाही. अगदी ठार बहिरे नाहीत, कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर निम्मं पोचतं. त्यांच्या मुलाने, भारतने, शहरातून कानाचं मशीन आणून दिलं. ते घातलं की मेंढ्यांचा सगळा कळप एकदम डोक्यात शिरतो म्हणून तात्यांनी ते डबीत घालून फडताळात ठेवलं. गाडी मात्र सोडली नाही. त्या जुन्या मोटारसायकलला वेगाच्या काट्याशेजारी इंजिनाच्या फेऱ्या दाखवणारा दुसरा काटा आहे. आपण इंजिनाच्या आवाजावरून गिअर बदलतो, तात्या त्या काट्यावर बदलतात. काटा चारवर गेला की दुसरा गिअर, पुन्हा चारवर गेला की तिसरा. कान शाबूत असलेली पोरंही एवढी मऊ गाडी चालवत नव्हती, हे मी शपथेवर सांगते.

या थंडीत मात्र काट्याला काय झालं कोण जाणे. इंजिन बोंबलतंय आणि काटा दोनवर पेंगतोय. तात्या आपले तो वर येण्याची वाट बघत पहिल्याच गिअरमध्ये मूठ पिळतात.

गाडी थांबवून भागणारं नव्हतं. त्यांच्या मेंढ्या तेव्हा खुलताबादच्या वाटेवरच्या एका मळ्यात खतासाठी बसवल्या होत्या. राखणीला पुतण्या. तात्या रोज सकाळी त्याची भाकर पोचवायचे आणि रात्री व्यालेल्या मेंढ्यांची कोकरं हातात घेऊन बघायचे. गुडघा धरलेला, एवढं अंतर चालणं आता होत नव्हतं. गाडी गेली तर तात्यांना ओट्यावर बसून राहावं लागणार, आणि ओट्यावर बसलेले केरबातात्या मला तर डोळ्यांपुढे आणवतही नव्हते.

रामकिसनने शेवटी भारतला फोन लावला. भारत शहरात, पुंडलिकनगरात राहतो, कंपनीत कामाला आहे. त्याने आईला सांगितलं, शनिवारी येतो आणि रविवारी गाडीच घेऊन जातो. म्हाळसाबाईंनी तो निरोप नवऱ्याच्या कानात घातला, तेव्हा आम्हा सगळ्यांनाच कळला.

"गाडी काहून नेतो?" तात्या खवळले. "गाडी चांगली हाय! केबल बिघडली, केबल!"

ते दुपारीच खुलताबादला मिस्त्रीकडे गेले. मिस्त्रीने गाडी चालू केली, मूठ पिळली, काटा टुणकन चारवर. पुन्हा पिळली, पुन्हा चारवर.

"चचा, काँटा तो एकदम बराबर चल रा," मिस्त्री त्यांच्या कानाशी ओरडला. "कायकू परेशान होते?"

तात्या खुशीत घरी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच, रामकिसनची म्हैस आणि रिकामी बादली. दुपारी पुन्हा मिस्त्री, पुन्हा काटा ठणठणीत. तिसऱ्या खेपेला मिस्त्रीने नुसतं आपल्या डोळ्याकडे बोट दाखवलं. गावात बातमी झाली की तात्यांचे कान तर गेलेच होते, आता डोळेही गेले.

"डोळं गेलं म्हनायलेत मला," तात्या बायकोजवळ कुरकुरले. "कोकराच्या कानावरची गोचीड दिसती की मला."

शनिवारी संध्याकाळी भारत आला आणि आल्या आल्या त्याने गाडीची किल्ली खिशात टाकली. तात्या त्या रात्री जेवले नाहीत.

रविवारी सकाळी भारत ओट्यावर चहा घेत बसला होता. तात्या परसात गाडीजवळ उकिडवे बसून काट्याखालचं केबलचं नट ढिलं करत होते. म्हाळसाबाई मुलाच्या भाकरीसाठी तुपाची बाटली उन्हाला ठेवायला बाहेर आल्या. मेंढीचं तूप, थंडीने दगड झालेलं. तेवढ्यात तात्यांनी केबलचं तोंड ओढून काढलं, आणि त्यातून पांढरं काहीतरी लोंबलं. म्हाळसाबाईंनी वाकून बघितलं, बोटाने काढून नाकाशी धरलं, मग हातातल्या बाटलीकडे बघितलं.

मग नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन त्या ओरडल्या, "तुमी केबलीत तूप घातलं व्हय?"

रामकिसनचा म्हशीखालचा हात थांबला. मी अंगणात झाडत होते, माझा झाडू थांबला.

तात्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि बायकोला हळूच सांगितलं. तात्यांचं हळूच म्हणजे शाळेपर्यंत. "हळू बोल ना! दिवाळीत काटा थरथर करू लागला, म्हून घातलं. माज्या गुडघ्याला चालतं, तर केबलीला काहून नाय चालनार?"

"आवो, थंडीत थिजतं ते! उनात पातळ व्हतं, म्हून त्या मिस्त्रीला कळलं नाय!"

तात्यांचा चेहरा उतरला. म्हाळसाबाईंचा हात धरून ते म्हणाले, "भारतला नको सांगू. म्हनंल, बाप येडा झाला. गाडी नेईल तो. कुनालाच नको सांगू."

"नाय सांगत!" म्हाळसाबाई तितक्याच जोरात ओरडल्या.

भारत कपातल्या चहाकडे बघत बसून राहिला. मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले, दोन्ही एकदम. मग भारतने कप खाली ठेवला आणि परसात जाऊन बापाच्या कानाशी तोंड नेलं.

"आबा, केबल बघू द्या! मला वाटतं, केबलीतच खोट हाय!"

"तेच तर म्या सांगायलो!"

भारतने आतली तार ओढून काढली. पेट्रोलने धुतली, केबलमधलं तूप काढलं, काट्याचं तोंड चिंधीने पुसून तासभर उन्हात ठेवलं. तारेला नावापुरतं पातळ ग्रीस लावलं, काट्याकडच्या टोकाला तर लावलंच नाही. ते पांढरं काय आहे, हे त्याने एकदाही विचारलं नाही. सगळं जोडून त्याने खिशातून किल्ली काढली आणि बापाच्या हातात ठेवली.

तात्यांनी गाडी सुरू केली. काटा मुठीबरोबर उठला, चारवर गेला, तात्यांनी दुसरा टाकला. मऊसूत आवाज करत गाडी शाळेपर्यंत जाऊन वळून आली.

"तात्या!" रामकिसन कुडावरून ओरडला. "म्या पयल्यापासून म्हनत व्हतो, केबलच हाय म्हून!"

तात्यांनी त्याला राम राम घातला. भाकरीचं फडकं घेऊन म्हाळसाबाई मागे बसल्या, व्यालेली मेंढी बघायला. तात्यांनी मान मागे वळवली आणि बायकोला हळूच सांगितलं,

"पोराला काय बी कळलं नाय बघ!"

भारत चटकन खाली वाकला आणि मागच्या टायरची हवा बोटाने दाबून बघू लागला.