ताईची फुंकणी

आमच्या काचेच्या कारखान्यात मी लांब नळीच्या फुंकणीने काच फुंकायची, भाची आकार द्यायची. माझा दम संपला की तीच फुंकणी तिच्या तोंडी. पुसत बसायला फुरसत कुणाला? गरम काच थोडीच थांबते!

भाची पंधरा दिवस तापाने फणफणली. घसा सुजलेला, मानेला दोन्हीकडे गाठी, पाण्याचा पेला उचलतानाही दमायची. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने घशासाठी अँटिबायोटिक दिलं, तर अंगभर पुरळ! माझी ताई, म्हणजे हिची आई, रक्ताच्या कॅन्सरने गेली, आणि तिचंही अशाच गाठींनी सुरू झालं होतं.

मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी डाव्या बरगडीखाली हाताने दाबून पाहिलं. "प्लीहा सुजलीय," म्हणाल्या आणि रक्त तपासायला घेतलं. मग मला एकटीला आत बोलावलं. मी पदर डोळ्यांना लावूनच आत गेले.

"रडू नका, आधी हे बघा."

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बघतच राहिले. मोठाल्या निळसर पेशी, शेजारच्या लाल पेशींना बिलगून कडा पसरलेल्या, मऊ काच साच्याला बिलगते तशा. अगं बाई! थेंबभर रक्तात एवढा संसार!

"कॅन्सर नाही. विषाणूशी झुंजताना तिच्याच रक्षक पेशी अशा होतात. रक्ताच्या दुसऱ्या तपासणीत तो विषाणूही सापडला. तो थुंकीतून पसरतो. अँटिबायोटिक बंद. विश्रांती, भरपूर पाणी, तापाची गोळी. मी सांगेपर्यंत जड उचलणं नाही, फुंकणं नाही. प्लीहा फुटू शकते. पोटात अचानक कळ आली तर तडक इथे."

"माझ्यामुळे झालं?"

"कोण सांगणार? बहुतेक सगळ्यांच्याच अंगात तो जन्मभर गुपचूप राहतो, अधूनमधून थुंकीत उतरतो. तुम्हालाही कुणीतरी दिलाच असेल."

मी सोळाची असताना ताईने मला फुंकायला शिकवलं, तिच्या तोंडची फुंकणी माझ्या तोंडी देऊन. त्याच वर्षी मी दोन महिने अंथरूण धरलं होतं. घरचे म्हणाले, कामचुकार आहे मेली.

बाहेर येऊन भाचीला सगळं सांगितलं, माझ्या त्या आजारपणाचंही.

"म्हणजे हे आईकडून आलं असेल?"

"असेल. आणि हे मारत नाही गं."

तिने अलगद हात डाव्या बरगडीखाली नेला.

"दाबू नकोस, मूर्ख!" मी ओरडले, आणि तिला जवळ घेऊन ढसाढसा रडले.