शिवेवरची भरपाई

माझ्या नवऱ्याच्या उजव्या पायाची हाडं रघुवीरशेटच्या मोटारीखाली दोन ठिकाणी मोडली, आणि शुद्धीवर आल्यावर हे पहिलं काय बोलले, तर शेटची चूक नाही. अशा माणसाबरोबर संसार कसा करायचा ते तुम्हीच सांगा.

साल एकोणसाठ. तळेऱ्याच्या फाट्याकडून येणारा रस्ता आमच्या गावच्या शिवेवर वळतो, तिथे एक उभा दगड आहे. हे लोकांच्या माडांवर चढून नारळ पाडायचे. दिवसभराचं काम आटोपून, कोयता कमरेला खोचून, रस्त्याच्या कडेने घरी येत होते. शेट काजूचे मोठे व्यापारी, स्वतःची मोटार स्वतः चालवत देवगडला निघालेले. वळणावर मोटार अचानक कडेला घुसली आणि ह्यांचा पाय दगडाला चेपून थांबली.

हाड बसवणारे बाबली वैद्य आले. त्यांनी कामट्या बांधल्या, पाला लावला आणि जाताना मला बाजूला घेऊन सांगितलं की पाय राहील, पण नुसता शोभेला. माड आता विसरा. घरात दोन लहान मुलं, जमीन म्हणाल तर परसातल्या अळवापुरती. ह्यांच्या पायावरच आमची चूल पेटत होती. भरपाई मिळाली नाही तर उपाशी मरायची पाळी, म्हणून मुलांना शेजारणीकडे ठेवून मी देवगडला वकिलाकडे गेले.

वकील घाटावरचे, नव्यानेच आलेले. माणूस हुशार. शेटच्या विम्यातून भरपाई मिळेल म्हणाले, पण चूक शेटची ठरली पाहिजे. आणि शेटनी तर जबाब दिला होता की वळणावर रस्त्याच्या मधोमध एक उंच माणूस उभा होता, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. त्याला वाचवायला गाडी वळवली. वकील म्हणाले, त्या माणसाचं नाव-गाव काढा, आपण त्याला समन्स पाठवू. मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. तो कोण ते मला कळलं होतं, आणि हा भला माणूस टाक शाईत बुडवून पत्त्याची वाट बघत होता.

आमच्याकडे गावागावाला राखणदार असतो. तिन्हीसांजेला तो शीव फिरतो. त्याचं नाव कुणी घेत नाही. चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून दर वर्षी जत्रेआधी गाव त्याला दीड हात लांब नव्या वहाणा देतो. देवळात ठेवलेल्या जुन्या वहाणा उचलून बघाव्या तर टाचा खरोखर झिजलेल्या असतात. लहानपणापासून हे बघत आलेल्या माणसाला त्याचं नवल वाटत नाही. त्या वर्षी मात्र वहाणा दिल्याच नव्हत्या. त्या डोक्यावरून देवळात कुणी न्यायच्या, यावरून थोरल्या आणि धाकट्या घराच्या गावकरांत, म्हणजे गावच्या मानकऱ्यांत, भांडण लागलं होतं. वहाणा शिवून तयार होत्या, आणि दोन्ही घरं हट्टाला पेटून गप्प बसली होती.

घरी येऊन मी ह्यांना विचारलं. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. त्यांनीही त्याला पाहिलं होतं. शेटची चूक नाही असं ते का बोलले ते मला तेव्हा कळलं, आणि राग अधिकच आला.

कोर्टात वर्षं जातील म्हणून शेटनीच निरोप धाडला की देवळात बसून मिटवू. ते आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. त्या दिवसापासून त्यांनी गाडीला हात लावला नव्हता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जखमी माणसाने देवासमोर सांगावं की वाटेत कोणी नव्हतं, म्हणजे चूक माझी आणि भरपाई माझी. पण कोणी उभा असेल तर ती माझ्या माथी कशाला?

कोणी नव्हतं, एवढंच बोलायचं होतं. गावकरांनाही तेच हवं होतं, नाहीतर वहाणांचं प्रकरण त्यांच्या अंगावर आलं असतं. मला वाटतं शेटनाही तेच ऐकायचं होतं, म्हणजे रात्रीची झोप तरी लागली असती. मी तर ह्यांना पाटावर बसवून मंडपात आणताना वाटभर बजावलं होतं. चार माणसांनी ह्यांना खांबाला टेकवून बसवलं. थोरल्या घराच्या गणपत गावकरांनी विचारलं, वाटेत कोणी होतं काय.

"तो थंय उभो होतो," हे म्हणाले. "अनवाणी. मान खाली घालून आपल्या पायांकडे बघत होतो. मोटारीकडे नाय, माझ्याकडे नाय."

शेटनी हात जोडले आणि ते देवळाबाहेर पडले. मी बाईमाणूस असून मंडपात काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. मुलांच्या तोंडचा घास ह्यांनी त्या दगडावर ठेवून दिला होता. अजूनही आठवलं की माझं रक्त तापतं.

मग गणपत गावकर उठले. त्यांनी धाकट्या घराच्या शिवराम गावकरांकडे पाहिलं, आणि ज्या भांडणापायी इतके महिने देवळाचं दार अर्धं बंद होतं ते तिथेच संपलं. डावी वहाण थोरल्या घराने डोक्यावरून आणली, उजवी धाकट्या घराने. देवापुढे ठेवून गणपतरावांनी गाऱ्हाणं घातलं.

"तुझ्या वहाणांक उशीर झालो, ती चूक आमची. पण ह्या लेकराचो पाय तुझ्या वाटेर मोडलो, तेची भरपाई आता तूच करून दी, म्हाराजा."

सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हटलं. मी म्हटलं नाही. देवाची भरपाई काय चुलीवर शिजते, असं माझं डोकं चाललं होतं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मी पाणी घेऊन आले तर हे अंगणात उभे. कुबडी नाही, भिंतीचा आधार नाही. माझी कळशी हातातून सुटली. बाबली वैद्यांना बोलावणं धाडलं. त्यांनी ह्यांना खाली बसवलं, नडगीवरून अंगठा दाबत नेला आणि परत दाबत आणला.

"हाडां अजून जोडूक नाय," ते मला हळूच म्हणाले. "टोकां हाताक लागतत. मगे हो कशाच्या आधारार उभो आसा?"

ते पुन्हा आमच्या घरी आले नाहीत. हे मात्र माडावर चढू लागले, पूर्वीपेक्षा चपळ. घरात तांदूळ आला. मी देवाला नारळ दिला आणि मंडपातलं बोलणं पोटात घालण्याची विनवणी केली. सुखच होतं म्हणायचं. फक्त रोज तेल चोळताना तो पाय माझ्या हाताला गार लागायचा. डावा पाय माणसाचा, उजवा विहिरीतल्या दगडासारखा. आणि दिवेलागणीला हे कुठेही असले तरी उठायचे. जेवणावरून उठायचे, धाकटीला मांडीवरून खाली ठेवून उठायचे, आणि शिवेच्या दिशेने निघायचे. एकदा मी उंबऱ्यात आडवी उभी राहिले. कुठे चाललात, विचारलं.

"माका इचारू नको गो," हे म्हणाले. त्यांचे डोळे भरलेले होते. "पायाक इचार."

तोवर उजवा पाय उंबऱ्यापलीकडे गेलाही होता.

एका संध्याकाळी मी मागोमाग गेले. अजून उजेड होता. हे शिवेच्या वाटेवरून चालत होते, उजवा पाय लांब लांब ढांगा टाकत होता आणि डावा त्याच्यामागे ओढला जात होता. ह्यांच्या बाजूला कोणी दिसत नव्हतं. ह्यांच्या अनवाणी पावलांखेरीज काठी टेकल्याचा आवाज मात्र येत होता. मग वहाणेतल्या एका पावलाचा. मग पुन्हा काठीचा. त्या काठीबरोबर दोन पावलांचा आवाज एकदाही आला नाही. ते लंगडं चालणं ह्यांच्या जोडीने दगडाला वळसा घालून पलीकडच्या रानात उतरलं. मी घरी येऊन मुलांना पोटाशी धरून बसले.

तेव्हा मला समजलं. त्याने भरपाई दिली होती, आणि त्याच्याजवळ देण्यासारखं जे होतं तेच दिलं होतं. पण गावची शीव काही लहान झाली नव्हती. ती फिरायला त्यालाही पाय लागतोच.

पुढच्या जत्रेआधी देवळातल्या वहाणा काढल्या. डावीची टाच झिजून आरपार भोक पडलं होतं. उजवी कोरी होती, शिवली तेव्हाचं मेण तिच्या दोऱ्यावर अजून चमकत होतं. गावकरांनी त्या एकमेकांना दाखवल्या आणि माझ्याकडे पाहिलं नाही. ह्या वेळी मानावरून कोणी भांडलं नाही.

दोन दिवसांनी वहाणा शिवणारा शिवा आमच्या अंगणात आला. खाली मान घालून उभा राहिला. त्याच्या हातात मापाची दोरी होती. गावकरांनी धाडलं, म्हणाला. डाव्या पायाचं जुनं माप त्याच्याकडे होतं. उजव्याचं हवं होतं.

मी म्हटलं, इथे कुणाला वहाणा लागत नाहीत, चालता हो. मी त्याच्या अंगावर धावून गेले, आणि तो बिचारा मागे सरला. तेवढ्यात हे ओट्यावरून उतरले. मला त्यांनी हाताने बाजूला केलं, रागाने नाही, आणि शिवासमोर पाय पुढे ठेवला. शिवाने आधी त्या पायाला नमस्कार केला, मग माप घेतलं.

त्या वर्षी देवापुढे जी जोडी ठेवली त्यातली एक वहाण दीड हाताची होती, आणि एक माझ्या नवऱ्याच्या पायाची.