पाचव्या नंबरचे विधेयक

नागपूरचे अधिवेशन बारा दिवसांवर आले, तेव्हा जानकी आमदारांच्या कचेरीत चौकशीला गेली. आमदार मुंबईला होते. त्यांचा कारकून ह्युबर्ट होता.

जानकीच्या गावच्या रापणकरांच्या सांगण्यावरून आमदारांनी विधेयक मांडले होते: इंजिनाच्या बोटींनी किनाऱ्यालगत बारा वाव खोलीच्या आत जाळे टाकू नये. वाळूवर उभे राहून रापणीचे लांब जाळे ओढणाऱ्या साठ घरांचे पोट त्या बारा वावांत होते. पण सभागृहाचा बहुतेक वेळ सरकारी विधेयकांना. आमदारांच्या स्वतःच्या विधेयकांना एखाद्या शुक्रवारचे अडीच तास. गेल्या अधिवेशनात रापणकरांचे पाचवे लागले. तीन झाली, चौथ्यावर एक सभासद दीड तास बोलला आणि अधिवेशन संपले.

"म्हणजे यंदा आम्ही दुसरे," जानकी म्हणाली.

ह्युबर्टने चष्मा काढला. "यंदा तुमचं यादीतच नाही."

"नाही कसं? चौथ्याच्या मागे आमचंच होतं."

"तशी रांग राहत नाही, जानकीबाय. दर अधिवेशनाला चिठ्ठ्या नव्याने काढतात. एका आमदाराचं एकच विधेयक चिठ्ठीत जातं. तुमचं घालायचं की कुणकेश्वरवाल्यांचं दुसरं विधेयक, हे साहेबांनी तुम्हाला पत्राने विचारलं होतं."

त्याने फायलीतून उत्तराचे कार्ड काढले. अक्षर तिचेच. 'आमचा नंबर लागलेला आहे. यंदा कुणकेश्वरवाल्यांचे घालावे.'

नवऱ्याच्या मागे किनाऱ्यावरच्या चार रापणींचे क्रम जानकीच लिहून ठेवी. वाऱ्यामुळे कोणाची रापण पडली नाही, तर दुसऱ्या दिवशी पहिली त्याचीच. बाकीचे गुमान वाळूत बसत. विधानसभेतही हुकलेला नंबर तसाच राहत असणार, असे तिने धरले होते; यात विचारण्यासारखे काही असते, हे तिच्या ध्यानीमनी नव्हते.

कचेरीतली मराठी तिने सोडली. "मी असा कित्याक लिवलंय, ता तुमका कळूक नाय? एक कार्ड उलट टाकूक काय झाला हुता?"

"माका वाटला, तुमी मोठ्या मनान दिलात. सायबांनी ता कार्ड चार जणांक दाखवल्यानी."

"फुडच्या अधिवेशनाक घाला मगे."

"त्याआधी इलेक्शन. ही विधानसभा संपली की अडकलेली विधेयकंही संपली. नव्या सभेत पुन्हा पहिल्यापासून."

"आणि कुणकेश्वरवाल्यांचा कितवा लागला?"

"अकरावा."

संध्याकाळी रापणीचा म्होरक्या, तांडेल विठोबा, वाळूत जाळे सांधत बसला होता. तिने त्याला सगळे सांगितले, कार्डही वगळले नाही. समोर इंजिनाच्या दोन बोटी इतक्या जवळून जाळे ओढत होत्या, की वरची माणसे ओळखू येत होती.

"कार्ड तूच लिवलंस?"

"मीच."

विठोबाने धागा तोडला. "मगे रापणकरांका तूच सांग गो. माका समजावन सांगूक जमाचा नाय. माका अजून समजाक नाय."

माणसे जमू लागली होती. जानकीने पदर खोचला आणि कार्डापासून सुरुवात केली.